वाव

आमच्या घरात साहेबाची एकच वस्तू उरली आहे:
शिशाचा ओळंबा, साडेतीन शेर,
बुडाला बोटभर खळगा.
मतलई सुटली की दार आपटू नये म्हणून
आई तो उंबऱ्याशी लावून ठेवायची.

खळग्यात चरबी चोपडायची,
म्हणजे दर्याचा तळ तिला चिकटून वर येतो,
रेव, गाळ, कालवाची शिंपी.
नुसती खोली कळून भागत नाही,
नांगर कशात रुतणार तेही कळावं लागतं.
हे हसन तांडेलाचं म्हणणं.
हसन तांडेल म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप.

साहेब उमरावाचा तिसरा मुलगा.
थोरल्याला जहागीर, हरणांचं रान, बापाचं नाव.
मधल्याला चर्च.
तिसऱ्याला घरात वाव नव्हता,
म्हणून बाराव्या वर्षी जहाजावर चढवला
एक पेटी, एक दुर्बीण
आणि बहिणीने विणलेले लोकरीचे हातमोजे देऊन,
जे पुढे जयगडात कसरीने खाल्ले.
नाव एव्हरार्ड थॉर्नली.
गावाने त्याचं अवघड साहेब केलं.

लढाई त्याने एकच पाहिली, तीही धुक्यात.
स्वतःच्याच जहाजाची तोफ जवळ फुटली
आणि डावा कान गेला.
बहिऱ्या उमरावाला कोण गलबत देणार?
दिली आमची खाडी, मोजायला.

सात वर्षं. दर्या उघडला की यायचा,
झाकला की मुंबईला जायचा.
तांडेल त्याच्या उजव्या बाजूला उभा राहायचा
आणि दोरी हातातून सोडत ओरडायचा,
पाच वाव, रेव!
चार वाव, गाळ!
साहेब लिहायचा. टोपीत पाणी घेऊन तोंड धुवायचा. परत लिहायचा.

तावसाळच्या समोर पाण्याखाली एक खडक आहे,
आम्ही त्याला विंचू म्हणतो.
साहेबाने कागदावर तिथे आईचं नाव घातलं: लेडी शार्लट.
तांडेल चपापला.
जो होड्या फोडतो त्याला आईचं नाव?
साहेब म्हणाला, तू तिला पाहिलेलं नाहीस.

मग एका भांगाच्या दुपारी
डाकेचा माणूस होडीतून मचव्यापाशी आला.
काळी लाख लावलेलं पत्र, सात महिने जुनं.
थोरला घोड्यावरून पडला होता,
मधला तापाने गेला होता.
जहागीर, हरणं, नाव, सगळं आता याचं.
साहेबाने वाचलं. घडी घातली.
खिशात नाही ठेवलं, वहीत ठेवलं, त्या दिवसाच्या पानाशी,
आणि उजवा कान पुढे करून विचारलं, किती?
साडेतीन वाव, खाली रेव.
थोड्या वेळाने परत विचारलं, किती?
तेवढंच, साहेब. मचवा हललाच नाही.

गेला तो. ओळंबा देऊन गेला.
नकाशा छापून आला तेव्हा कोपऱ्यात त्याचं नाव,
पुढे बारीक अक्षरात, एका देशी तांडेलासह.

नवव्या वर्षी काझींच्या पत्त्यावर पत्र.
काझींनी ओटीवर वाचून दाखवलं.
खुशालीची एक ओळ, पावसाची एक,
बाकी सगळं एकच: तोंडावरची वाळू सरकली का?
तांडेलाचे गुडघे तेव्हा धड नव्हते.
तरी नातवाला वल्ह्यावर बसवून गेला,
दोरी टाकली, आला,
आणि काझींना म्हणाला, लिहा:
साडेतीनच्या जागी आता अडीच.
तुमचा कागद खोटा पडला. या.

उत्तर आलं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.
बाबा म्हणायचे, आलं होतं, प्लेगात सामानासकट जळलं.
फुफी म्हणते, तो आधीच मेला होता,
मोठ्या घरात, उजव्या कुशीवर.
तिला कोणी सांगितलं, विचारू नये.

मी आता ड्रेजरवर आहे.
पडद्यावर आकडा येतो, मीटरमध्ये.
चिकटून काही वर येत नाही.
परवा नवा इंजिनिअर नकाशावर बोट ठेवून म्हणाला,
ही शार्लट कोण?
मी म्हटलं, विंचू.
उजवीकडून घ्या.