खोली दोन-चौदा, ब्रॅडफर्ड

आधी खुर्च्या हलवायच्या.
रांगा मोडताना पाय करकरतात,
खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोठावतं.

पडद्यावर करारावर सह्या करणारे,
काळे कोट, कोटांमागे कोट.
मी म्हटलं, फोटोत नाही ते सांगा.
ओवेन, जो नेहमी आधी बोलतो,
आज नुसता लिहून घेणार. ठरलंय तसं.
बराच वेळ हीटरच बोलला.

मग इलिंका : "कॉलरी. इस्त्री कुणी केली?"
तिची आई याच शहरात, हॉटेलच्या तळघरात
चादरी दाबते, तासाच्या हिशेबानं.
युरोप तिला कळतो तो वाफेतून.
सफूरा हसली, मग हसायची थांबली.
समान वेतनाचं कलम
बारा वर्षं तोंडपाठ शिकवत आले मी;
त्याला जळक्या स्टार्चचा वास असतो
हे आज कळलं.

पाच वाजता ग्लेनिस, हातात मॉप.
"बसा ना," मी गोलातली खुर्ची ओढली.
"अजून चार खोल्या आहेत, बाई.
आणि या खुर्च्या परत रांगेत लागतात."

लावल्या आम्ही. कुणी काही बोललं नाही.

ओवेनच्या वहीत शेवटची ओळ :
ग्लेनिस, चार खोल्या.
खाली तारीख.
सही नाही.