इथंच तर जायचंय

किझ्झा, माझा भाऊ.
जुळ्यांच्या पाठीवर आलेला, म्हणून किझ्झा.
कंपालात बोडा चालवायचा,
मागच्या सीटवर अख्खं शहर बसून गेलंय त्याच्या.
हेल्मेट होतं. लाल. चांगलं.
ते असायचं डाव्या कोपरात अडकवलेलं,
पोलीस दिसला की डोक्यावर,
वळण सरलं की पुन्हा कोपरात.
मी म्हणायचे, डोकं कोपरात आहे का रे तुझं?
तो त्याच कोपरापासून मला हात जोडायचा.

त्या दिवशी पाऊस नव्हता, रात्र नव्हती,
प्यायलेला नव्हता तो.
चौकापलीकडं रोलेक्स आणायला निघाला होता,
चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, टोमॅटो जास्त.
"इथंच तर जायचंय."

शेळी आडवी आली.
शेळी वाचली.
कोपराला ओरखडासुद्धा नाही.

टेकडीवरच्या हॉस्पिटलात
एकोणीस दिवस मी त्याच्या खाटेखाली चटई टाकून होते.
रात्री झोप नाही, म्हणून खाटेखाटेला विचारत हिंडले,
तुमचं कशानं?
वाटलं होतं, मोठमोठी कारणं असतील.

म्हातारे ओलारा: न्हाणीत साबणाचं पाणी.
मुलगा पायथ्याशी बसून सांगत होता,
भिंतीला एक दांडी ठोकायची होती,
दोन वर्षं झाली, ठोकतो ठोकतो म्हणतोय.
गवंडी ब्यामुगिशा: निलगिरीच्या परांचीची एक गाठ.
त्याची टोपी मुकादमाच्या खोलीत, कुलपात,
कोरी करकरीत, साहेब लोक बघायला आले तर असावी म्हणून.
सहा वर्षांची किराबो फणसाखाली भातुकली मांडून बसली होती.
फणस पिकला होता.
वास सगळ्या आळीला येत होता.
आणि तो शाळकरी गोलकीपर,
डोक्याला डोकं आपटलं, उठला, म्हणाला गरगरतंय;
सर म्हणाले, दहाच मिनिटं राहिलीत, खेळ.
कोपऱ्यातल्या खाटेचं कारण सांगायला
कुणी आलंच नाही.

नांतोंगो सिस्टर सलाईन बदलता बदलता म्हणाली,
मडक्यात दही असतं ना, तसं असतं ते आत.
मडक्याला चीर गेली नाही
म्हणून दही मोडलं नाही असं समजू नकोस.

किझ्झा घरी आला.
आजीच्या गोष्टीतला लबाड ससा त्याला आठवतो,
चमचा आठवत नाही.
ते, ते, म्हणत बोट दाखवतो
आणि चिडतो,
लहानपणी मी त्याची गोटी गिळली तेव्हाही न चिडलेला.

न्हाणीत मी दांडी बसवून घेतली.
आईला वाटतं, टॉवेल वाळत घालायला.

ओविनो बाजारात माझं शिलाईचं मशीन.
हल्ली चिंध्या फेकत नाही मी.
बायका म्हणतात, दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट कोण घालील,
कालच केस विणून घेतलेत, पाच तास बसले होते.
खरं आहे. पाच तास म्हणजे पाच तास.
म्हणून पातळ टोप्या शिवते किटेंगेच्या,
वेणीवर बसणाऱ्या, हेल्मेटच्या आत घालायच्या.
घाला, उतरा, धुवायला घरी न्या.
आणि पट्टा लावा बाई,
हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल;
नुसतं डोक्यावर ठेवलेलं वाऱ्याचं असतं,
आपलं नाही.

किझ्झा शेजारी बसून टोप्या मोजतो.
चौदाला अडकतो. पुन्हा एकपासून.

काल एक पोरगा आला, दोन टोप्या घेतल्या गिऱ्हाइकांसाठी,
स्वतःचं हेल्मेट कोपरात.
घाल की, म्हटलं.
तो गाडीला किक मारत म्हणाला,
"अहो ताई, इथंच तर जायचंय."

किझ्झा उठला.
मोजणी तशीच टाकून
त्याच्या कोपरातून हेल्मेट काढलं,
त्याच्या डोक्यावर ठेवलं,
आणि पट्टा लावला. खट्.
शब्द विसरलेत, बोटं विसरली नव्हती.

उलटं बसलं होतं.
ते मी सरळ केलं.