शीत

आधी मोजू, म्हणाल्या वकीलबाई प्रिबिल.
मोजले. सकाळपाळीचे, रातपाळीचे, सोडून गेलेले,
हजेरीवर एक नाव आणि घरी दुसरं, असेही.
अकराशे चाळीस.
पुरे, म्हणाल्या. कोर्टाचं म्हणणं इतकंच,
एकेकाला उभं करायला जागा पुरू नये.

मग विचारलं, सगळ्यांचं दुखणं एकच ना?
एकच कसं असेल?
होदानचा खांदा, लुकासची उडालेली झोप,
माझं मधलं बोट, जे नेब्रास्कात कुठेतरी आहे.
त्यांनी लिहिलं, मग खोडलं.
एकच म्हणजे ती बारा मिनिटं.
साखळीचा ॲप्रन, हातमोजे, गमबूट
चढवायची, धुवायची, उतरवायची,
घड्याळाच्या अलीकडची आणि पलीकडची,
ज्यांचा पगार कुणालाच मिळाला नाही.
बोट वेगळ्या फायलीत जाईल.

आता एक नाव हवं, म्हणाल्या,
बाकीच्यांसारखं, बाकीच्यांच्या वतीनं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी, देल्फिना इक्स्कोय, सारखी?
आमच्या डोंगरात आई कपाळाला हात लावायची,
हिच्यासारखी दुसरी नको गं बाई.

कंपनीचा वकील तीन तास, दुभाष्याच्या तोंडून.
तुम्ही मुकादमाशी भांडलात. बाकीचे गप्प होते.
म्हणजे तुम्ही त्यांच्यासारख्या नाही.
मी म्हटलं, त्यांचंच बोलत होते.
दुभाषा थांबला. पुन्हा सांगा, म्हणाला.

त्याच आठवड्यात मुकादमाचा मेहुणा दारात.
तुझं एकटीचं मिटवू. आकडा पाकिटाच्या पाठीवर.
खोटं कशाला बोलू, दोनदा वाचला.
बाकीच्यांचं हित सांभाळेल अशी असावी,
हीसुद्धा एक अट होती म्हणे.
त्या रात्री ती अट माझ्याच उशीवर झोपली.

मार्चमध्ये न्यायाधीशांनी समूह मान्य केला.
अकराशे चाळीस पत्रं गेली.
यात राहायचं नसेल तर अमुक तारखेच्या आत कळवा.
नऊ जणांनी कळवलं. त्यात लुकास.
मी त्याला कारण विचारलं नाही.

रविवारी होदाननं भात टाकला, वेलची घालून.
झाकण काढून एक शीत उचललं,
बोटाच्या चिमटीत चेपलं.
शिजला, म्हणाली.
पातेलं उतरवलं, ताटं मांडली, पोरांना हाका.
चेपलेलं शीत ओट्याच्या कडेला राहिलं.

कुणी बघत नाही असं पाहून
मी ते उचलून तोंडात टाकलं.