हद्दनिशाणी क्रमांक सहा

आश्विन लागला होता.
पडलेली बेडी वेचता वेचता
माझा हात गडग्याच्या पायथ्याशी गेला,
जिथं दोन चिरे निखळून
आमचं आगर आणि विश्रामभाऊंचं आगर
एकमेकांत शिरतात.
पहिली मनगटावर बसली
आणि बसल्या बसल्याच डसली.
दुसरी कानामागं.
तिसरीची वाट न बघता
मी दोणीपर्यंत धावले,
टोपली तिथंच, मॅक्सी चिखलात,
तोंडातून काय निघालं ते आता सांगवत नाही.

आरडाओरडा ऐकून जाऊबाई आल्या, गडगा वलांडून.
विळ्याचं पातं मनगटावर घासत म्हणाल्या,
"गांधील. जमिनीतली."
चार वर्षांनी त्यांनी माझा हात धरला होता.
त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा
विळा माझ्याकडे देऊन
त्या आल्या वाटेनं परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी फणसाआडून पाहिलं:
रुपयाएवढं भोक.
एक आत, एक बाहेर, एक आत, दोन बाहेर,
आणि बाहेर येणारीच्या तोंडात
बाजरीएवढी मातीची गोळी.
थोडं उंच जाऊन ती सोडून द्यायची, कुठंही.
कुणाच्या वाट्याची माती कुणाच्या वाट्यात पडली
ते तिचं तिला ठाऊक.

हे म्हणाले, रॉकेल ओतू.
रॉकेल आता मिळतं कुठं?
मग पंपातलं डिझेल.
विश्रामभाऊ पलीकडून बोलले,
कवाथ्याकडे बघत:
"डिझेल ओतलं तर ह्याची मुळं जळतील म्हणावं."
ह्यांनी उत्तर केळीला दिलं:
"मग पोरांना डसल्यावर बघायचं काय?"
चार वर्षांतली ही पहिली बोलणी,
एक माड आणि एक केळ मध्ये घालून झालेली.

शेजारच्या कलमांत राखणीला डंबर असतो, नेपाळचा.
तो लांबवर उकिडवा बसला आणि हसला.
त्याच्या गावी म्हणे रात्री धूर देतात,
खणून पोळी काढतात,
अळ्या तव्यावर भाजतात, मीठ, मिरची.
आई करायची.
मी म्हटलं, मग काढ की ह्या.
बराच वेळ भोकाकडे बघून म्हणाला,
"नको. खाणारी माणसं तिकडं राहिली."

मंगळवारी दापोलीहून मोजणीचे साहेब आले.
तीन पायांचं यंत्र उभं केलं,
नकाशा पोफळीला टेकवून सरळ केला,
आणि पुरलेला जुना दगड शोधायला
पहारवाल्याला पुढं धाडलं.
समुद्राकडून वारा होता, कागद फडफडत होता.
नकाशावरची रेघ जिथं उतरत होती
तिथं ते भोक होतं.
बरोबर तिथंच. वीतभर इकडं नाही की तिकडं नाही.
पहारवाला जसा गेला तसाच आला, थोडा जास्त वेगानं.
साहेबांनी एक चहा आमच्याकडे घेतला,
एक त्यांच्याकडे,
आणि खुर्चीत बसून लिहिलं:
हद्दनिशाणी क्रमांक सहा
अडथळ्यामुळे रोवता आली नाही.
अडथळा कसला, ते लिहिलं नाही.
पुढची तारीख कळवू म्हणाले.

मग थंडी पडली, केळशीत पडते तेवढी.
येणंजाणं विरळ झालं.
एकदा दुपारभर बसून मी फक्त चार मोजल्या,
त्यातली एक तर चालतच आत गेली.
आणि एका सकाळी
भोकाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं,
अख्खं, दवानं भिजलेलं.
ह्यांना मी काही बोलले नाही.

जाऊबाईंनाही दिसलं असणार.
दिवस वर आला तशा त्या फुटकी पाटी घेऊन आल्या,
भोकावर पालथी घातली, वर एक चिरा ठेवला,
आणि दोन्ही घरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,
"अजून हायत हो आत! कुणी जायचं नाय तिकडं!"

मी इकडून, बेडी सोलता सोलता,
मान वर न करता ओरडले,
"होय हो, मघाशी मी आवाज ऐकला."