चाळीस नंबरचे बूट

पहिल्या खेपेला जाताना तू बूट ठेवून गेलीस,
हिरवे, रबरी, चाळीस नंबरचे.
"सामानात मावत नाहीत," म्हणालीस.
मावले असते, तोरब्योर.
बॅग मीच भरली होती,
तिच्यात अजून एक कोंबडी मावली असती.

मिशनच्या पाहुणेघरातलं तीन नंबरचं कपाट,
खालची फळी. तिथे ते उभे राहिले.
दोन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची टोळी आली
आणि तू थेट कपाटाशी,
पाय आधी, रामराम नंतर.
तीन आठवडे तू मोतीबिंदूवाल्यांच्या पट्ट्या बदलायचीस,
मी तीस माणसांचा भात टाकायची.
रात्री बुडाशी लागलेल्या खरवडीत पाणी ओतून
ते उकळून आपण दोघी प्यायचो, फुंकर घालत,
आणि मोडक्यातोडक्या मालागासीत तू
अंत्सिराबेच्या जुलैला हसायचीस:
"याला थंडी म्हणतात?"
अंगावर माझी शाल असायची.

मग पुन्हा दोन वर्षं.
आधी पत्रं. नंतर फोन,
ज्यात तुझा आवाज आधी यायचा
आणि ओठ मागाहून.
"बूट कसे आहेत?"
"मजेत," मी म्हणायची.

मजेत कसले!
चक्रीवादळाच्या वर्षी रिवु ते घालून खाचरात उतरला,
डाव्याची टाच फाटली.
सायकलवाल्याकडून ठिगळ मारून आणलं.
त्यानंतर तू यायच्या आदल्या दिवशी
मी त्या ठिगळावर चिखल थापून ठेवायची,
आणि तू कधी विचारलं नाहीस
की दोन वर्षं कपाटात उभ्या बुटांना
ओला चिखल कुठून लागतो.

यंदा टोळी आली. तू नाही.
सिग्ने नावाची एक कोवळी पोर
मला शोधत स्वयंपाकघरात आली,
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला,
मग हातानं विमान केलं आणि मान हलवली.
कळलं.
त्या रात्रीची खरवड मी कुत्र्याला घातली.

मग आमच्या गायकमंडळाला स्टावांगरचं बोलावणं आलं.
माझा आवाज बेताचा,
मी नेहमी मागच्या रांगेत, उंच बायकांच्या आड.
व्हिसाच्या खिडकीनं पाच जणींना नकार दिला,
त्यांत निरीना होती, जिच्यासाठी खरं तर बोलावणं होतं.
मला शिक्का मिळाला.
तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस अजून होत नाही.

मला तुझी सफरचंदांची बाग बघायची होती.
वर्षानुवर्षं तू लिहायचीस:
यंदा मोहोर उशिरा, यंदा फळ आंबट,
यंदा पाखरांनी अर्धं नेलं.
तू तिसऱ्या मजल्यावर राहत होतीस.
गॅलरीत एक कुंडी, तिच्यात कांद्याची पात.
"बाग विकली," तू म्हणालीस,
"ओलाव गेला त्याच वर्षी.
कळवलं असतं तर तू रडत पत्र लिहिलं असतंस.
मला दुसरं काहीतरी वाचायचं होतं."

मी खाली बघत बुटांचं सांगून टाकलं.
"ठाऊक होतं," तू म्हणालीस. "मोजा भिजायचा."

संध्याकाळी तू भात लावलास,
मुद्दाम करपवायला.
तुझ्या विजेच्या शेगडीवर तो धड लागेना,
आपण दोघी वाकून वास घेत उभ्या,
तू एका हातानं ओटा धरून.
शेवटी जे काय पिवळट पाणी झालं ते प्यायलो.
वाईट होतं.
"पुढच्या वेळी..." मी म्हणाले
आणि तू कप धुवायला वळलीस.

विमानतळावर माझी पिशवी उघडायला लावली.
गणवेशातल्या मुलानं नवेकोरे बूट बाहेर काढले,
हिरवे. तळ बघितला, माझे पाय बघितले.
"हे तुमच्या मापाचे नाहीत."
"नाहीत," मी म्हटलं,
आणि पिशवीचं तोंड उघडं धरलं,
त्यानं ते परत ठेवावेत म्हणून.