कोपरापासून चार बोटं

डेपोच्या पत्र्यावर तिला उतरवलं तेव्हा
दुपारचे दोन वाजले होते आणि माशा आधीच पोचल्या होत्या.
चितळ. मादी. वय अंदाजे चार.
खुनी नदीच्या डोहाशी सापडली, पाण्यात तोंड टाकून,
मेश्राम गार्ड म्हणाला
आणि सागाच्या थप्पीआड जाऊन ओकला.

पंच म्हणून दोन माणसं हवी होती.
एक समोरचा चहावाला.
दुसरा लटारू टेकाम, कागदावर वय अठ्ठ्याहत्तर,
जो कायदा येण्याआधी एका ठेकेदाराची काडतुसं
गळ्यातल्या पिशवीत घेऊन चालायचा
आणि अंधारात नुसत्या बोटांनी ओळखायचा
एल.जी. कुठलं, चार नंबर कुठलं.

"चार नंबर तितराले," तो म्हणाला, मी विचारलं नसताना.
"हरनाले मारलं तं कातड्यात रुतून बसते,
जनावर महिनाभर झाडाले अंग घासत फिरते.
एल.जी. मारा, पन तीस पावलाच्या आत.
त्याच्या पुढं छर्रे पांगतात
लग्नातल्या वऱ्हाडावानी, कोन कुठं जाईन नेम नाई."

मी पोट उघडलं.
वास आला तसा चहावाला उठला, दूध उतू जाईल म्हणाला.
हिरवट पाणी, फुगलेली आतडी,
दोन दिवस, कदाचित तीन.

लटारू उकिडवा बसला होता.
"पोटात लागली का पाठ वर काढून पयते.
दूर नाई जात. पन लवकर मरतबी नाई. पान्याकडं जाते.
रगत पाहाव पानावर: गुलाबी, फेसाचं असन तं फुप्फुस,
शंभर पावलावर पडलेलं भेटन.
कायं असन तं कायीज, एक बिडी पिऊन मंग निंगाव.
हिरवं असन तं..."
त्यानं नुसता हात झटकला.

"लोकं कायीज म्हनतात अन् छातीवर हात ठेवतात.
कायीज तिथं नसते, डाक्टर."
मी मान हलवली, लिहीत राहिलो.
यकृत: नॉर्मल. हृदय: नॉर्मल. फुप्फुसे: नॉर्मल.
सगळं जिथल्या तिथं.

मग न विचारताच
त्यानं तिचा पुढचा पाय हळूच पुढे ओढला,
कोपरापासून वर चार बोटं मोजली
आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा टेकवला.
"इथं.
इथं लागली असती तं तिले आवाजबी ऐकू आला नसता."

चिमट्याला टणक लागलं.
ट्रेमध्ये टण्णकन पडलं, घरंगळत कोपऱ्यात गेलं.
धुतलं तर चकचकीत:
सायकलच्या मागच्या हबमधला छर्रा.
असे तीन निघाले.

लटारूनं एक तळहातावर घेतला,
वजन करावं तसा हलवला.
पाटणबोरी फाट्यावर त्याच्या नातवाचं दुकान आहे,
पंक्चर, ओव्हरहॉलिंग.
मीही तिथंच हवा भरतो.
मेश्राम पाकिटासाठी लाख वितळवत होता,
काडी विझायची, पुन्हा लावायचा.

"मी शिकवलंच नाई त्याले,"
लटारू पत्र्याकडं बघत म्हणाला, मेश्रामला ऐकू न जाईल असं.
"इतक्यांदा इचारलं पोट्ट्यानं, आबा, कुठं मारतेत.
मले वाटलं, नाई सांगतलं तं नाई मारनार."

छर्रा त्यानं ट्रेमध्ये परत ठेवला.
पंचाच्या रकान्यात अंगठा उठवला,
तोच.

मृत्यूचे कारण, या जागेत दीड ओळ मावते.
उदरपोकळीत जंतुसंसर्ग, एवढं लिहिलं
आणि जागा संपली.
अंधार पडता पडता तिला डिझेल टाकून जाळलं,
नियमाप्रमाणे, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

हवा मी आता केळापुरात भरतो.
आणि लाळ-खुरकुताच्या लशीला गाई रांगेत उभ्या केल्या की
सुई मानेला टोचायची असते,
मी मानेलाच टोचतो,
पण नजर आधी खाली जाते,
पुढचा पाय, कोपर,
एक, दोन, तीन,
आणि गाय पाऊल उचलते.