एक तास मागे

काल रात्री दोन वाजता या देशानं
घड्याळ एक तास मागे घेतलं.
मोबाइलनं आपलं आपण घेतलं.
भिंतीवरच्यासाठी मी सकाळी स्टुलावर चढले,
चढू नकोस, अशी लेकीनं लीड्सहून तंबी दिली होती,
मी बरं म्हटलं होतं.
चढलेच आहे तर म्हणून
धुराच्या अलार्मची बॅटरीही बदलली.
चार दिवस दर चाळीस सेकंदांनी तो
पालीसारखा चुकचुकत होता,
आणि दर वेळी हे खुर्चीतून म्हणायचे,
"खरं आहे."

कीथलीत थंडी आधी पायऱ्यांवर उतरते.
सिकमोरची ओली पानं, तळहाताएवढी,
दगडाला साबणासारखी चिकटलेली.
समोरच्या मिसेस अक्रॉइड गेल्या साली याच महिन्यात
दुधाची बाटली उचलायला वाकल्या
त्या सरळ झाल्या थेट हॉस्पिटलच्या खाटेवर.
तेव्हापासून दोघींच्या पायऱ्या मी झाडते.
त्या काचेआडून बोट दाखवतात:
तिथं एक राहिलंय.

बॉयलरवाला कीरन गुरुवारी येऊन गेला.
ज्योत निळी आहे म्हणाला, उत्तम.
पिवळी दिसली तर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा.
त्या वायूला रंग नसतो, वास नसतो,
माणूस नुसता झोपाळतो.
त्यानं पांढरं यंत्र कपाटावर ठेवलं, बटण दाबून ओरडवून दाखवलं.
मी मान डोलावली.
रंग नाही, वास नाही असं काहीतरी
दीड वर्ष झालं या घरात वावरतंय,
त्याचं यंत्र मी कीरनला विचारलं नाही.

आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडला.
मग ऑगस्टात गॅसचं बटण फिरवलेलं
आणि काडी लावायची राहिलेली.
छत्री विसरले म्हणून मी बसस्टॉपवरून परतले नसते तर –
हे वाक्य मी कधीच पुरं करत नाही.
आता गॅसच्या नळीला कुलूप आहे.
किल्ली माझ्या मंगळसूत्रात, दोन वाट्यांच्या मध्ये,
जिना उतरताना किणकिणते.
ज्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं
त्यांना घोटभर चहासाठी माझी परवानगी लागते.

आज मी पायऱ्या झाडत होते
तेवढ्यात यांनी टोस्टरमध्ये कालची पोळी घातली, घडी करून.
नव्या बॅटरीनं अख्खी गल्ली उठवली.
झाडू टाकून धावले तर
हे अलार्मखाली उभे, मान वर, अगदी शांत,
अंगठा नि तर्जनी हवेत फिरवत.

इचलकरंजीत हे जॉबर होते,
मग इथं नदीकाठच्या गिरणीत बावीस वर्षं.
एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो,
लग्नानंतर मला कौतुकानं सांगितलेली ती पहिली गोष्ट.
जॉबरनं फक्त तुटलेलं टोक शोधायचं
आणि गाठ मारायची.
"थांबवलाय," हे म्हणाले. "मिळालं टोक."

मी प्लग ओढला, खिडकी ढकलली,
टॉवेलनं धूर बाहेर हाकलला.
अलार्म गप्प झाला.
"बघ," हे म्हणाले, "सुरू कर आता."
काय सुरू करू ते मला कळलं नाही,
म्हणून किल्ली फिरवून चहा ठेवला.
ज्योत निळी होती.
भिंतीवर नऊ वाजले होते, ओव्हनवर दहा.
तो तास मागे घ्यायचा माझ्याकडून राहिलाय.

मग फोन. लेक.
घर नीट आहे ना? आहे.
पायऱ्या? झाडल्या.
स्टुलावर चढली नाहीस ना?
नाही गं, म्हटलं.

अलार्म आता चुकचुकत नाही.
तरी पाठीमागून, बशीत चहा ओतता ओतता,
हे म्हणाले,
"खरं आहे."